पवनी : टेकड्यांची नावे आणि दगडांवरील नावे

भंडारा शहराच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरांवर, वैनगंगेच्या पश्चिम तीरावर पवनी हे तालुक्याचे गाव वसले आहे. तीन बाजूंस तट व खंदक आणि चौथ्या बाजूस नदी अशी या गावाची रचना आहे. आत अनेक देवळे आहेत, नदीकडे उतरणारे घाट आहेत आणि तटाच्या परिसरात मातीच्या मोठ्या टेकड्या आहेत. देवळांच्या व घाटांच्या संख्येमुळे पवनीस विदर्भाची काशी म्हणण्याचा प्रघात आहे. विदर्भातील अष्टविनायकांपैकी पंचमुखी, अर्थात सर्वतोभद्र, गणपती येथेच असल्याने यात्रेकरूंनाही हे गाव परिचित आहे. परंतु विद्यार्थ्यांस पवनीची ओळख करून द्यावयाची झाल्यास एवढे सांगणे पुरेसे होणार नाही. कारण आज जे डोळ्यांस दिसते त्याखाली दुसरे एक पवनी दडलेले आहे, आणि त्याची आठवण गावाच्या परंपरेत मुळीच उरलेली नव्हती. ती आठवण दगडावर कोरलेल्या मोजक्या शब्दांतून परत मिळाली. नगराचा इतिहास शोधताना नावांवर कितपत विसंबावे आणि दगडांकडून काय घ्यावे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात पवनीच्या आधारे करावयाचा आहे.

प्रथम लोककथा पाहू. पवन नावाचा एक राजा होता व त्याच्याजवळ परीस होता, अशी कथा या भागात सांगतात. प्रजेकडून तो सारा म्हणून नांगराचे लोखंडी फाळ घेई आणि परिसाच्या स्पर्शाने त्यांचे सोने करी. या राजाने वसविली म्हणून पवनी, असा कथेचा निष्कर्ष आहे. तथापि वर्धा जिल्ह्यातील पवनार येथेही याच राजाची हीच कथा प्रचलित आहे. एकच राजा, एकच परीस आणि दोन गावे असे जेथे आढळते तेथे राजावरून गावाचे नाव पडले नसून गावाच्या नावावरून राजा निर्माण झाला असण्याचा संभव अधिक, हे स्थलनामांच्या अभ्यासकास सांगावयास नको. कथा निरर्थक आहे असा याचा अर्थ नव्हे. साऱ्याच्या रूपाने फाळ घेणारा राजा ही कल्पना शेतकऱ्याच्या अनुभवातूनच निघालेली आहे. मात्र त्या कथेला वंशावळीचा पुरावा मानता येत नाही.

पंडितांच्या व्युत्पत्तीही याहून नेहमीच अधिक भक्कम असतात असे नाही. पवनारचेच उदाहरण घेऊ. वाकाटक नृपती द्वितीय प्रवरसेन याची राजधानी प्रवरपुर ती हीच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले आणि दीर्घकाळ ते मान्य झाले. या मताच्या मुळाशी स्थळावरील अवशेष होते, तसेच नावांचे सादृश्यही होते. परंतु १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून रामटेकजवळील मनसर येथे उत्खनने झाली, तेथे प्रवरेश्वराचा निर्देश करणारी मुद्रांकने सापडली आणि अनेक अभ्यासकांचा कल मनसरकडे झुकला. वाद अद्याप पूर्णपणे मिटलेला नाही. तरी ध्वनिसाम्य हा शोधाचा आरंभ होऊ शकतो, निर्णय नव्हे, एवढे त्यातून निश्चित शिकावयास मिळते.

जिल्ह्याच्या नावाची कथा याहूनही बोधप्रद आहे. भंडारा हे नाव ‘भाणे’ म्हणजे पितळी ताट या शब्दावरून आले, असे लोक सांगतात. येथील पितळी भांड्यांच्या धंद्यामुळे ते पटतेही. ‘भांडार’ शब्दाचा आधार घेणारेही आहेत. कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याच्या इ. स. १११४ च्या रतनपूर शिलालेखात त्याला करभार देणाऱ्या मंडलांची नावे आली आहेत. त्यांत वैरागर व लांजिका यांच्याबरोबर ‘भाणार’ हे नाव आहे. वैरागर म्हणजे आजचे वैरागड आणि लांजिका म्हणजे लांजी. त्यावरून भाणार म्हणजे भंडारा हे सामान्यतः मान्य झाले आहे. म्हणजे बाराव्या शतकात ‘ड’ विरहित रूप लेखनिविष्ट आहे. उलट तेराव्या शतकातील महानुभाव परंपरेत चक्रधरांचे शिष्य नीळभट्ट यांना भांडारेकर म्हणतात. मात्र ही परंपरा आपल्यापर्यंत पोहोचली ती उत्तरकालीन पोथ्यांतून. तेव्हा एक रूप मूळचे व दुसरे त्याचा अपभ्रंश, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. लेख आणि बोली यांत दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदली असावीत, आणि अर्थवाही ‘भांडार’ शब्दाच्या आकर्षणाने एक रूप प्रबळ झाले असावे, इतकेच संयमाने म्हणता येते.

आता पवनीच्या टेकड्यांकडे वळू. येथील तीन टेकड्या इतिहासाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या आहेत : जगन्नाथ टेकडी, सुलेमान टेकडी आणि हरदोलाला टेकडी. सुलेमान टेकडीस चांदकापूरची टेकडी असेही म्हणतात. या तीन नावांचा नीट विचार केल्यास एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. पहिले नाव वैष्णव देवतेचे आहे. दुसरे मुसलमानी आहे. तिसऱ्या नावात बुंदेलखंडातील लोकदैवत हरदौल लाला ओळखू येतो, आणि ते उत्तरेकडून आलेल्या वस्तीबरोबर येथे आले असावे. म्हणजे तीन टेकड्यांवर मध्ययुगातील व त्यानंतरच्या काळातील तीन निरनिराळ्या समाजांनी आपापली खूण ठेवली. पण तिन्ही टेकड्यांच्या पोटात जे होते त्याची खूण एकाही नावात नाही. त्यांच्या पोटात बौद्ध स्तूप होते.

हा उलगडा उत्खननाने झाला. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी संयुक्तपणे पवनी येथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे सूत्रधार होते, आणि त्यांचा अहवाल १९७२ मध्ये नागपूर विद्यापीठाने प्रसिद्ध केला. जगन्नाथ टेकडीवर देवळाच्या परिसरात खोदकाम केल्यावर सुमारे ३८ मीटर व्यासाचा स्तूप उघडकीस आला. पुढील काळात त्याचा विस्तार झाल्याचेही दिसून आले. सांचीच्या मुख्य स्तूपाचा व्यास ३६.६ मीटर आहे हे ध्यानात घेतले म्हणजे या बांधकामाचे परिमाण लक्षात येईल. सुलेमान टेकडीतही स्तूपाचे अवशेष मिळाले. पुढे १९९४ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने अमरेंद्र नाथ यांनी पवनी येथे पुन्हा उत्खनन केले आणि हरदोलाला टेकडीचेही स्वरूप स्पष्ट झाले. पहिल्या स्तूपाचा आरंभ अशोकाच्या काळातला की त्याच्याही आधीचा, याविषयी मतभेद आहेत. इ. स. पूर्वीच्या तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत येथे समृद्ध नगर व मोठे बौद्ध केंद्र होते, याबद्दल मात्र दुमत होण्याचे कारण नाही.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने खरे धन म्हणजे स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याचे स्तंभ व त्यांवरील ब्राह्मी लेख. हे लेख अत्यंत लहान आहेत. बहुतेकांत दात्याचे नाव व दानाचा उल्लेख एवढाच मजकूर असतो. असे लेख वाचण्याची शिस्त आपल्याला दिली ती भारहुत व सांची येथील लेखांच्या संपादकांनी. उत्तर जर्मनीतील ल्यूबेक या नगरात १८६९ साली जन्मलेले हाइन्रिख ल्यूडर्स यांनी ब्राह्मी लेखांची सूची १९१२ मध्ये सिद्ध केली. त्यांच्या मृत्यूनंतर भारहुतच्या लेखांचे त्यांचे संपादन वाल्डश्मिट आणि पुण्याचे म. अ. मेहेंदळे यांनी पुरे करून १९६३ मध्ये प्रसिद्ध केले. पवनीचे लेख त्यानंतर थोड्याच वर्षांत उजेडात आले, ही अभ्यासकांच्या दृष्टीने भाग्याचीच गोष्ट होय. तुलनेची सामग्री हाताशी तयार होती.

या लेखांपैकी तीन येथे विचारार्थ घेतो.

पहिला लेख चित्राखालचा आहे. बोधिप्राप्तीनंतर पाऊस सुरू झाला असता मुचलिन्द नागाने आपली फणा पसरून बुद्धाचे रक्षण केले, ही कथा प्रसिद्ध आहे. पवनीच्या कठड्यावर हा नाग कोरला असून त्याखाली नाव दिले आहे. परंतु ते ‘मुचरिंद’ असे, म्हणजे ‘ल’ च्या जागी ‘र’ घालून. पालीत मुचलिन्द, संस्कृत ग्रंथांत मुचिलिन्द; ‘र’ कार कोठून आला ? पूर्वेकडील मागधी बोलींत ‘र’ चा ‘ल’ होतो हे सर्वविदित आहे. राजा तेथे लाजा होतो. पूर्वेकडून आलेले शब्द आपल्या बोलीत घेताना पश्चिमेकडील माणूस असा ‘ल’ पुन्हा ‘र’ करून घेतो. या सवयीच्या भरात जेथे मुळातच ‘ल’ होता तेथेही ‘र’ झाला असेल, तर ‘मुचरिंद’ हे अतिशुद्धीचे रूप ठरते. एका शब्दावरून बोलीचे व्याकरण रचणे साहसाचे होईल. तरीही कथा पूर्वेकडून आली, आणि ती कोरणाऱ्याच्या किंवा मजकूर देणाऱ्याच्या जिभेचे वळण पूर्वेकडील नव्हते, असे अनुमान यातून निघू शकते.

दुसऱ्या लेखात नाग नावाच्या दात्याचा उल्लेख ‘पचनेकायिक’ या विशेषणाने आला आहे. आरंभीच्या ब्राह्मी लेखनात जोडाक्षरे व अनुस्वार पुष्कळदा गाळले जातात. म्हणून हा शब्द पंचनैकायिक असा घ्यावयाचा. पाच निकाय जाणणारा असा त्याचा अर्थ आहे. हीच पदवी भारहुत व सांची येथील लेखांतही आढळते. बौद्ध सूत्रांची पाच संग्रहांत विभागणी झाली होती आणि ते संग्रह मुखोद्गत करणाऱ्यांस विशिष्ट नाव होते, याचे हे फार जुने पुरावे आहेत. त्यांपैकी एक पवनीचा आहे. म्हणजे वैनगंगेच्या काठी केवळ स्तूपास नमस्कार करणारे भाविक नव्हते. अध्ययनाची परंपरा असलेला संघ तेथे नांदत होता.

तिसरा लेख विसमिता नावाच्या स्त्रीचा आहे. ‘विसमिताय’ हे आकारान्त स्त्रीलिंगी षष्ठीचे रूप आहे. भारहुत येथे भोजकट नगरातून आलेल्या दिगनागा या भिक्षुणीच्या लेखातही असेच रूप आढळते, आणि भोजकट म्हणजे अमरावती जिल्ह्यातील भातकुली असे मानतात. विसमिता आपल्या दानाच्या निमित्ताने जी इच्छा व्यक्त करते तीत स्वतःसाठी किंवा आईबापांसाठी काही मागणे नाही. सर्व सत्त्वांचे सुख व्हावे, एवढेच ती म्हणते. दानाचे पुण्य सर्व प्राणिमात्रांस अर्पण करण्याची कल्पना पुष्कळ नंतरची, महायान पंथाबरोबर आलेली, अशी समजूत एके काळी रूढ होती. पवनीच्या या लहानशा लेखाने ती समजूत मोडण्यास मदत केली. बौद्ध लेखांचे अमेरिकन अभ्यासक ग्रेगरी शोपेन यांनी त्याकडे लक्ष वेधले आहे. मराठी वाचकास येथे पसायदान आठवल्यावाचून राहणार नाही. दोहोंत थेट वंशसंबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु ज्ञानदेवांच्या कित्येक शतके आधी विदर्भातील एका स्त्रीने असेच मागणे दगडावर कोरून ठेवले होते, हे विसरण्याचेही कारण नाही.

स्तूपांनंतरही पवनीचे महत्त्व ओसरले नाही. येथे सापडलेल्या एका पादुकापट्टावर भार कुळातील भगदत्त राजाचा लेख आहे. मिराशींनी तो प्रसिद्ध केला. वाकाटकांच्या आप्तांतील भारशिव राजांशी या भार कुळाचा संबंध असावा असा तर्क करण्यात आला आहे. पवनीसच महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा छायास्तंभ म्हणजे स्मृतिस्तंभ मिळाला, व त्यावर मिराशी आणि वि. भि. कोलते या दोघांनीही लिहिले. शक क्षत्रपांची सत्ता प्रामुख्याने गुजरात, माळवा व पश्चिम महाराष्ट्र येथील. त्यांच्या पदवीचा पुरुष वैनगंगेच्या तीरावर कसा आला, याचा विचार राजकीय इतिहासकारांनी केलेला आहे. भाषिक दृष्ट्या लक्षणीय आहे ती पदवी. जुन्नर येथील अमात्य अयम याच्या लेखात नहपानास ‘महाखतप’ म्हटले आहे. पवनीस ‘महाखत्तव’ असे रूप आहे. दोन स्वरांमधील ‘प’ चा ‘व’ होणे हे महाराष्ट्री प्राकृताचे ठळक लक्षण होय. दीपाचा दिवा आणि तापाचा ताव आजच्या मराठीत त्याच वाटेने आले. एका परकीय पदवीवर येथील उच्चाराने बसविलेला हा शिक्काच समजावयाचा. पुढे वाकाटक द्वितीय प्रवरसेनाच्या ३२ व्या राज्यवर्षाचा ताम्रपटही पवनी येथे उपलब्ध झाला.

इतके वैभव या जागी का एकवटले, याचे उत्तर नदीत आहे. वाकाटक ताम्रपटांत वैनगंगेचा निर्देश बेण्णा या नावाने येतो. आजच्या नावात त्या ‘बेण्णा’ चा अवशेष ‘वैन’ या रूपाने राहिला व त्यास गंगेचे पावित्र्य जोडले गेले. नाशिकच्या लेखात गौतमीपुत्र सातकर्णीस बेनाकटकाचा स्वामी म्हटले आहे. ते बेनाकटक वैनगंगेच्या काठचे की गोवर्धन परिसरातले, याविषयी एकमत नाही. येथेही नावाच्या साम्याने निर्णय होत नाही. विदर्भातून पूर्वेस दक्षिण कोसलाकडे, म्हणजे आजच्या छत्तीसगडाकडे, जाणाऱ्यास वैनगंगा ओलांडावीच लागते. उताराजवळची तटबंद जागा ही व्यापारी, सैनिक आणि भिक्षू या तिघांसही सोयीची. चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथील शिळेवर मौर्यकालीन ब्राह्मीत प्राणिहत्येस बंदी करणारी आज्ञा आहे, व त्याच शिळेवर पुढे वाकाटक पहिला रुद्रसेन याचा लेख कोरला आहे. पश्चिमेकडे नागपूर जिल्ह्यातील अडम येथे १९८८ ते १९९२ या काळातील उत्खननात प्राचीन तटबंद नगर उजेडात आले, आणि ‘अस्सक जनपदा’ चा निर्देश असलेली मुद्राही मिळाली. पवनी एकाकी नव्हते. नगरांच्या व मार्गांच्या एका साखळीतील ती मोठी कडी होती.

ती कडी केव्हा व कशी निखळली हे एका कारणाने सांगता येत नाही. व्यापारी मार्ग बदलले, राजाश्रयाची दिशा बदलली आणि संघ विरळ झाला. स्तूपांची माती झाली, मातीच्या टेकड्या झाल्या, आणि टेकड्यांवर नवी दैवते आली. गोंड व भोसले यांच्या काळात पवनी पुन्हा गजबजले. कोष्टी विणकरांच्या रेशीमकाठी तलम वस्त्रांसाठी गावाची ख्याती झाली. गिरणीच्या कापडापुढे हा धंदा ओसरू लागल्याची नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांतही आहे. वैजेश्वर घाट, दिवाण घाट, मुरलीधराचे मंदिर ही आज दिसणारी पवनी मुख्यतः या उत्तरकालीन पुनरुत्थानाची साक्ष देते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणखी एक वळण आले. भंडारा हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक लढविलेला मतदारसंघ. १९५६ मध्ये नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर या भागातील हजारो कुटुंबांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यानंतर १३-१४ वर्षांनी पवनीचे स्तूप उघडकीस आले. ज्यांना नवबौद्ध म्हटले जात होते त्यांच्याच शिवारात तो धर्म सव्वादोन हजार वर्षांपूर्वी नांदत होता, हे कुदळीने दाखवून दिले. पवनीजवळ रुयाड येथे उभारलेली महासमाधीभूमी हे आजच्या या संबंधाचे दृश्य रूप होय. मात्र आजच्या श्रद्धेचा आणि प्राचीन अवशेषांचा दुवा अखंड परंपरेचा नाही. मध्ये विस्मृतीचा प्रदीर्घ काळ आहे. तो मान्य करण्याने कोणाच्याही श्रद्धेस उणेपणा येत नाही. उलट विस्मृतीनंतर परत मिळालेली वस्तू अधिक जपून ठेवावी लागते. त्याचप्रमाणे जगन्नाथ, सुलेमान व हरदोलाला ही नावे पुसून टाकण्याजोगी अशुद्धी आहेत असेही मानू नये. स्तूपाइतकीच तीही पुराव्याची साधने आहेत. टेकडीवर एकच नाव राहिले तर इतिहासाचे बाकीचे थर आपण आपल्याच हाताने खरवडून काढू.

पवनीच्या उत्तरेस गोसीखुर्द येथे वैनगंगेवर धरण झाले. त्याची कोनशिला १९८८ मध्ये बसविण्यात आली. त्याच्या जलाशयाखाली अनेक गावे गेली व गावकऱ्यांना पुनर्वसित वसाहतींत जावे लागले. गाव हलते तेव्हा घरांची मोजदाद होते, मोबदलाही ठरतो. परंतु शेतांची, नाल्यांची, उतारांची, पांदणींची आणि टेकड्यांची नावे कोणत्याही पंचनाम्यात येत नाहीत. नव्या वसाहतीत त्यांचा उपयोग उरत नाही, आणि एका पिढीत ती बोलण्यातून जातात. पवनीचे स्तूप विस्मरणात गेले तरी त्यांचे दगड शिल्लक राहिले. म्हणून विसमिता आपल्याला परत भेटली. बोलीतील नावांस असा दगड नसतो.

म्हणून या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे एक काम ठेवावेसे वाटते. पवनी तालुक्यातील व वैनगंगेच्या दोन्ही काठांवरील गावांची सूक्ष्म स्थलनामे, विशेषतः पुनर्वसित गावांतील वृद्धांच्या तोंडची, गावोगाव जाऊन नोंदवावीत. उच्चार जसा ऐकू येईल तसाच लिहावा. त्याबरोबर सांगितली जाणारी कथा स्वतंत्रपणे टिपून ठेवावी, आणि व्युत्पत्ती सांगण्याची घाई करू नये. व्युत्पत्ती पुढील पिढीसही सांगता येईल, परंतु नाव ऐकण्याची संधी तिला मिळणार नाही.